दबोराच्या पाटीचं झाड

मार्गशीर्षात कडुनिंब पिवळा पडत नाही. हे कळायला शेतकी कॉलेजात जावं लागत नाही. फाल्गुनात पानं झडतात, चैत्रात तांबूस पालवी फुटते, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून नाताळाच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, करंज्यांचा डबा पदराखाली धरून दबोराबाई फाट्यावर आल्या आणि पायाशी पिवळ्या पानांचा सडा दिसला, तेव्हा त्या जागच्या जागी थांबल्या. वर बघितलं. शेंड्याकडची एक आख्खी फांदी पिवळी पडली होती. शेजारचं झाड मात्र हिरवंगार.

"प्रभू, हे काय आता," त्या पुटपुटल्या.

झाडावर पत्र्याची पाटी होती आणि पाटीवर नाव होतं दबोरा शलमोन साळवे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी आपलंच झाड वाळतंय म्हणून भ्याली. तसं नव्हतं. स्वतःच्या झाडासाठी ती बाई एवढी भ्याली नसती. पण ते समजायचं तर सतरा वर्षं मागं जायला पाहिजे, आणि दबोराबाई समजायच्या तर त्याहून मागं.

शिरूर सोडलं, न्हावरा मागं टाकलं आणि भीमेच्या पुलाकडं निघालं, की दौंडच्या वाटेवर वाघदरवाडीचा फाटा येतो. दबोराबाई या फाट्यावर पहिल्यांदा उतरल्या त्या एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, चोवीस वर्षांच्या असताना, एका हातात लशीचा डबा आणि दुसऱ्यात नेमणुकीचा कागद घेऊन. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली पोरगी. वडील मिशनच्या शाळेत घंटा वाजवायचे. गावाला नर्सबाई मिळाली म्हणून कौतुक झालं, पण ते उंबऱ्याबाहेरचं. पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे. सुई टोचून घ्यायला मात्र सगळे पुढं. खोटं कशाला बोलायचं, आपली माणसं अशीच.

घरातला पहिला कप तिच्या हातात दिला तो पुतळानं. पुतळाबाई रखमाजी ढमाले. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली, पोर पायाकडून येत होतं आणि शिरूरला न्यायला वाहन नाही. दबोराबाईंनी गुडघ्यांवर बसून, देवबापाचा धावा करत ते पोर सोडवलं. निळंजांभळं झालेलं, रडेना. पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. तेव्हा कुठं बापूसाहेबानं पहिला टाहो फोडला. पायाळू पोर! पुढं आयुष्यभर कुणाच्या कमरेत उसण भरली, की माणसं बापूची लाथ खायला दारात यायची, आणि तोही हसतहसत मारायचा.

बाराव्या दिवशी दबोराबाई बाळ बघायला आल्या. सासूनं नेहमीप्रमाणं बाहेरच्या कोनाड्यातला कानतुटका कप काढला. पुतळा बाजेवरून म्हणाली, "माझ्या पोराच्या तोंडात हिचा श्वास गेलाय. हिचा कप येगळा ठेवायचा असंल, तर आजपासनं माझाबी येगळा ठेवा." सासूनं कानतुटका कप परत ठेवला आणि पुतळानं स्वतःचा कप दबोराबाईंच्या हातात दिला. त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते जमलंच. सत्तेचाळीस वर्षं होत आली. दबोराबाईंचे यजमान शलमोन कुरकुंभला केमिकल कंपनीत पाळीवर होते, ते गेले. मुलगी जॉयस पिंपरीहून दर रविवारी उपासना झाली की फोन करते, "आई, आता इकडं ये." आणि आई दर रविवारी तेच उत्तर देते, "येते गं. पुतळाला विचारते."

आता बाटलीचं.

या फाट्यावर देशी दारूचं दुकान होतं. सरकारमान्य, वर बोर्ड. पुतळाचा रखमाजी तिथं सकाळी जायचा आणि दुपारी कुणीतरी आणून टाकायचं. शेवटी लिव्हर गेलं, मग तोही गेला. तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी पुतळा दबोराबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. "नर्सबाई, बायकांनी मतं टाकली की दुकान बंद व्हतं म्हणत्यात. कसं ते सांग."

कसं ते असं : मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकानाला कुलूप. मेख अशी, की आलेल्यांतल्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. जी आली नाही, जी नांदायला गेली, जी मेली पण नाव खोडलं नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात. "मेलेली बाई दारूला मत देते," दबोराबाई बायकांना सांगायच्या. "म्हणून जित्या बाईनं घरात बसायचं नाही."

चौघी निघाल्या. पुतळा, दबोराबाई, पुतळाची चुलत जाऊ रंगुबाई आणि बालवाडीच्या सुलक्षणाबाई. दबोराबाईंच्या जुन्या वहीत गावातली एकूणएक बाई होती. कुठली कुठं दिली, कुठली बाळंतपणाला आली, सगळं. पुतळाला वाचता येत नव्हतं. तिनं पिशवीत रिकामी बाटलीच घेतली. ओसरीवर उभी करायची आणि म्हणायची, "ही उभी. हिला अशी पाडायची," आणि हातानं आडवी करायची. पारावरचे गडी दात काढायचे, "काय वो वैनी, बायका बाटल्या घेऊन हिंडाय लागल्या व्हय!" पुतळा म्हणायची, "तुमी मोकळ्या केलेल्याच घेतल्यात भावजी, भरल्याली न्हाई." सणसवाडीला खोल्या घेऊन कंपनीत राहणाऱ्या गावच्या पोरींना आणायला त्या टेम्पो घेऊन गेल्या. पोरी पहिली पाळी करून, डबे हातात घेऊनच आल्या आणि मतदान संपायला पाव तास असताना रांगेत शिरल्या. चार मतांनी बाटली आडवी झाली. चार! रंगुबाई शाळेच्या पटांगणात फुगडी घालताना पडली आणि पडल्या पडल्याच हसत राहिली.

त्याची आठवण म्हणून दुकानापुढच्या पंचायतीच्या जागेत चौघींनी चार कडुनिंब लावले. खड्डे घेऊन तयार होते, तेवढ्यात रंगुबाई म्हणाली, "आपल्या नावाचं झाड आपुन लावू नये. एकमेकीचं लावा." मग दबोराबाईंनी पुतळाच्या नावाचं लावलं, पुतळानं दबोराच्या नावाचं. रंगुबाईनं सुलक्षणाचं आणि सुलक्षणानं रंगुबाईचं. "आन् कुणाचं कुठलं ते चौघीतच ऱ्हाऊ द्या," रंगुबाईनं बजावलं. "दारूवाल्याचं पित्त खवाळलंय. बाहेर कळलं की वाईटावर उठंल कुणीतरी." चौघींनी झाडाच्या मुळाशी हात लावून तसं कबूल केलं. दबोराबाईंनी मनात प्रभूची क्षमा मागून हात लावला.

पुढं पंचायतीनं दौंडहून पाट्या रंगवून आणल्या, तेव्हा रोप लावणारीचं नाव त्या त्या झाडाला लागलं. गाव म्हणायला लागलं, हे दबोराबाईंचं झाड, ते पुतळाबाईंचं. चौघी एकमेकींकडं बघून हसायच्या.

पहिल्यांदा हसू थांबलं ते सहा वर्षांपूर्वी. वळवाच्या वादळात रंगुबाईच्या पाटीचं झाड मुळासकट आडवं झालं. गाव म्हणालं, गेलं झाड. कुणाला त्यात काही वाटलं नाही, कारण रंगुबाई ठणठणीत होती. नवव्या दिवशी सुलक्षणाबाई गेल्या. बसल्या बसल्या, हातात निवडायचे तांदूळ होते. मातीहून परत येताना तिघी वाट वाकडी करून फाट्यावरच्या त्या खड्ड्यापाशी गेल्या. झाड रंगुबाईनं लावलेलं होतं, पण होतं सुलक्षणाचं.

मग तीन वर्षांनी सुलक्षणाच्या पाटीचं झाड उभ्या उभ्या वाळलं. कीड लागली म्हणाले. पंचायतीनं तोडून नेलं. रंगुबाईनं तेव्हाच अंथरूण धरलं आणि श्रावण काही तिला बघायला मिळाला नाही. गावाला यातलं काही दिसलंच नाही. पाट्यांवरची नावं जुळत नव्हती ना! जुळत होतं ते फक्त दोघींना ठाऊक होतं. आणि दबोराबाई ख्रिस्ती बाई, केस पवित्र शास्त्रावर पांढरे केलेले. झाडात माणसाचा जीव असतो असं मानणं हे पाप, हे त्या स्वतःलाच रोज बजावायच्या आणि रोज फाट्यावर जाऊन दोन्ही झाडांचे शेंडे बघून यायच्या.

तर आता तो गुरुवार.

करंज्यांचा डबा घेऊन त्या ढमाल्यांच्या ओसरीवर आल्या. पुतळानं मार्गशीर्षाचा घट मांडला होता. दोन पायऱ्या चढायलाही ती भिंतीला हात लावत होती. दबोराबाईंनी ते पाहिलं.

"दम लागतोय का गं?"

"छ्या. थंडी हाय." पुतळानं डबा घेतला. "फाट्यावरनं आलीस? झाडं बरी हायत?"

"बरी आहेत. थोडी पानगळ आहे."

"पानगळ व्हय," पुतळा म्हणाली. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या, आणि दोघी एकमेकींच्या तोंडावर खोटं बोलल्या. वर करंज्या खाल्ल्या, सारण गोड झालंय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दबोराबाईंनी झाडाच्या बुंध्याला तीन फेऱ्या मारल्या. रस्त्यावरून न दिसणाऱ्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, सालीवर काळा ठिपका होता. डांबर. नखानं उकरलं तर खाली भोक, करंगळी जाईल एवढं, गोल, खोल. गिरमिटानं पाडल्याशिवाय असं भोक पडत नाही. त्यांनी बोट घातलं आणि नाकाशी नेलं. आणि डोळ्यांपुढं शलमोन उभा राहिला. रात्रपाळी करून आला, की त्याच्या शर्टाला कंपनीतल्या विषाचा हाच वास असायचा. गोडसर, आंबूस, नाकातून घशात उतरून बसणारा. वीस वर्षं त्यांनी तो शर्ट वेगळ्या बादलीत धुतला होता. तो वास त्या विसरणार होत्या होय?

मग त्या सुलक्षणाच्या पाटीचं झाड होतं तिथं गेल्या. बुंधा जमिनीलगत तोडलेला, वर गवत वाढलेलं. हातानं गवत बाजूला केलं. तिथंही, अगदी मुळाशी, तेच गोल भोक होतं, आत डांबर भरलेलं. कीड नव्हती लागली. दबोराबाई तिथंच मातीत बसल्या. रंगुबाईचा शेवटचा महिना त्यांना आठवला.

कुणाचं काम हे शोधायला लांब जावं लागलं नाही. झाडांच्या मागं, जुन्या दुकानाच्या जागेवर, लाल विटांचं बांधकाम उभं होतं. हॉटेल, वर लॉजिंग आणि बाजूला परमिट रूम. मालक बापूसाहेब ढमाले. कुरकुंभला कामगार पुरवायचं कंत्राट, गावात वजन, बायको तेजश्री सरपंच. सरपंचाची खुर्ची तिची आणि त्यात बसायचा हा. आपल्याकडं हे काही नवीन नाही.

बापू विटांवर पाणी मारून घेत होता. त्यांना बघून खुर्ची पुढं केली. "या मावशी, बसा. च्या सांगू?"

"बापू, झाडाला गिरमिट कुणी लावलं?"

"कुठल्या झाडाला?"

"माझ्या पाटीच्या."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. नाकारलं नाही, तेवढा मान ठेवला म्हणायचा. "तुमच्यापासनं काय लपवायचं, मावशी. रस्ता रुंद व्हणार हाय. दारात झाड असल्यावर गाड्या कशा लागणार? हिरवं झाड तोडायचं म्हटलं की दोन वर्षं कागद फिरतोय. वाळल्याल्याला कुणी इचारत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी आता पिंपरीला जाणारच की. जॉयसच्या दारात धा झाडं लावून देतो."

"आणि तुझ्या आईचं झाड?"

"आईच्या झाडाला बोटबी लावणार न्हाई," बापूनं शेजारच्या हिरव्या झाडाकडं हात केला. त्यावर पुतळाबाई रखमाजी ढमाले अशी पाटी होती. "तुमच्या गळ्याची शपथ. त्याला पार बांधणार हाय, टाइल्स लावून. आई म्हंजी आई हाय, मावशी. मी काय राक्षस हाय का?"

एक वाक्य होतं. बापू, तू जे मारतोयस ते तुझ्या आईचं आहे. दबोराबाईंच्या जिभेवर आलेलं होतं ते. बोलल्या असत्या तर काय झालं असतं? बापू घाबरला असता, ते झाड वाचवायला धावला असता, आणि गिरमिट दुसऱ्या झाडाला लागलं असतं. म्हणजे दबोराबाईंच्या स्वतःच्या. एकाहत्तर वर्षांची बाई, प्रभूच्या घरी जायला केव्हाही तयार आहे असं रोज प्रार्थनेत म्हणणारी, त्या क्षणी जिवाला भ्याली. आणि भ्याल्याची तिला इतकी लाज वाटली, की त्या लाजेनंच तोंड बंद केलं. वर आणखी एक होतं. बापूला सांगायचं म्हणजे पुतळाला कळणार. पोटच्या पोरानं आपल्या झाडात विष भरलं, हे ऐकून ती झाडाच्या आधीच जाईल. असं सगळं मनाशी जुळवून दबोराबाई चहा न घेता उठल्या. चूक झाली. नंतर त्यांनी ती कधी नाकारली नाही.

मग त्यांनी एकटीनं जे करता येईल ते केलं. भोक पाण्यानं धुतलं, बुंध्याभोवती आळं केलं, शेणखत घातलं, रोज चार कळशा ओतल्या. लोक म्हणायचे, "नर्सबाईंना झाडाचा भारी लळा." नाताळ झाला, संक्रांत आली. झाडाची अर्धी पानं गेली. आणि पुतळाचा दम वाढला. पाय सुजायला लागले. दबोराबाईंनी तिला दौंडला नेलं. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, गोळ्या चालू करा, धावपळ नको. येताना एस.टी. फाट्यावर थांबली. पुतळा खिडकीतून त्या झाडाकडं बघत राहिली. दबोराबाईंचा हात तिनं घरापर्यंत सोडला नाही.

पंचवीस जानेवारीला महिला ग्रामसभा लागली. विषय एकच होता, बाकीचे तोंडी लावायला. फाट्यावरच्या हॉटेल आणि परमिट रूमला गावाची हरकत नाही, असा ठराव. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या. महिलांची सभा, पण बापू आणि त्याची चार माणसं दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आत कोण कुठं बघतंय हे त्यांना दिसत होतं आणि ती बघतायत हे आतल्यांना दिसत होतं.

तेजश्रीनं ठराव वाचला. एका सुरात, मान खाली घालून. विचारलं, "कुणाला काय बोलायचंय का?"

बायका सतरंजीचे दोरे ओढत बसल्या. सणसवाडीच्या त्या वेळच्या पोरी आता चाळिशीच्या झाल्या होत्या. कुणाचा नवरा बापूच्या कंत्राटावर, कुणाचा भाऊ. दबोराबाई उठल्या.

"या गावानं एकदा बाटली आडवी केलीय," त्या म्हणाल्या. "आम्ही चौघी..."

"मावशी, बसा बसा," दारातून बापू गोड आवाजात म्हणाला. "चौघी कुठं ऱ्हायल्या आता? तुमचं झाडसुदीक वाळलं. आराम करा. कशाला त्रास घेता?" त्याची माणसं हसली. आत दोनतीन बायकाही हसल्या. भीतीनं माणूस हसतो तसं.

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी सतरंजीवर बसलेली पुतळा उठली. उठायला तिला वेळ लागला. शेजारच्या बाईनं दंड धरला. तिचा दम दारापर्यंत ऐकू येत होता.

"ते झाड दबोराचं न्हाई," पुतळा म्हणाली. "माझं हाय."

बापूला कळलं नाही. "आई, पाटी वाच... म्हंजी पाटीवर..."

"मला वाचता येत न्हाई बापू, पर मला ठावं हाय. आमी एकमेकीचं लावलंय. पाटी लावणारीची हाय. दबोराच्या हातानं लागलं ते माझं. रंगूच्या हातचं सुलूचं व्हतं. सुलूच्या हातचं रंगूचं." ती थांबली, श्वास घेतला. "रंगूचं तूच वाळवलंस. माझंबी तूच. गिरमिट आपल्याच घरातलं हाय. दांड्याला डांबर लागलं व्हतं, ते मीच राखेनं घासलं. म्हटलं, लोकांना दिसाय नको."

दबोराबाईंनी डोळे मिटले. म्हणजे हिला ठाऊक होतं. एस.टी.त हात धरला तेव्हा ठाऊक होतं. आपण हिला वाचवायला गप्प बसलो, आणि ही पोराला वाचवायला.

बापूचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो एक पाऊल आत आला आणि थांबला. बायकांच्या सतरंजीच्या कडेशी.

"दबोरा तवा म्हणायची," पुतळा बायकांकडं वळली, "मेलेली बाई उभ्या बाटलीला मत देती. म्हणून मी आजपत्तुर मेले न्हाई. आता हात वर करा. ज्यांना बाटली आडवी ठेवायचीय त्यांनी." आणि तिनं आपला हात वर केला. दबोराबाईंनी केला. मग एक म्हातारी, मग सणसवाडीची एक, मग ओळीनं सगळ्या. शेवटी टेबलामागं तेजश्रीनं पेन खाली ठेवलं, नवऱ्याकडं न बघता हात वर केला, पुन्हा पेन उचललं आणि वहीत लिहिलं, नामंजूर.

पुतळा खाली बसली आणि पाणी मागितलं.

त्या दिवसापासून बापूसाहेब बदलला असं म्हणतात. बदलला कसला, भ्याला! बांधकाम थांबलं. शिरूरच्या नर्सरीतून माणूस आणला, त्यानं मुळं उघडी करून औषध ओतलं. बारामतीहून कुणी आणला, त्यानं बुंध्याला सलाईनसारखी नळी लावली. बापूनं विहिरीपासून पाइप टाकला आणि रोज सकाळी स्वतः मोटर चालू करायला लागला. पायाळू माणसाच्या पायानं पाणी फुटतं म्हणतात म्हणून आळ्यात अनवाणी उभा राहायचा. हसणारं कुणी उरलं नव्हतं. आईच्या समोर तो जेवायला बसेना. पुतळा त्याला एकदाच म्हणाली, "मला काय सांगू नकोस. झाडाला सांग."

फाल्गुन गेला. पाडवा आला. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला लागतो, गुढीला आणि खायला. सकाळी बायापोरी फाट्यावर आल्या आणि हिरव्या झाडाच्या फांद्या वाकवून पाला तोडायला लागल्या. पुतळाच्या पाटीचं झाड, म्हणजे दबोराबाईंचं, तांबूस पालवीनं भरून गेलं होतं. शेजारच्याला कुणी हात लावला नाही. लावण्यासारखं काही नव्हतंच. तिथं गुडघाभर चिखलात बापू पाइप धरून उभा होता, दाढी वाढलेली.

"मावशी," त्यानं हाक मारली. "जरा बघा की. त्या खालच्या फांदीला डोळा फुटल्यासारखा वाटतोय."

दबोराबाई चिखलात उतरल्या. झाड जितं आहे का ते बघायची आपली जुनी रीत, नखानं साल खरवडायची. आत हिरवं निघालं तर जीव आहे. त्यांनी खालची फांदी खरवडली. मग वरची. मग बुंधा, तीन ठिकाणी. बापू त्यांच्या बोटांकडं बघत होता. सेहेचाळीस वर्षांपूर्वी याच बोटांनी त्याला उलटं धरून रडवलं होतं. नखाखाली तपकिरी भुसा आला.

"हिरवं हाय ना, मावशी?"

नर्सबाई आयुष्यभर नातेवाइकांच्या तोंडाकडं बघून बोलत आल्या होत्या. "आहे," त्या म्हणाल्या. "पाणी घालत राहा." आणि बापूसाहेब ढमाले, गावात वजन असलेला माणूस, आळ्यात उभ्या उभ्या हुंदके देऊन रडायला लागला.

आपल्या झाडाचा मूठभर कोवळा पाला पदरात घेऊन त्या ढमाल्यांच्या घरी गेल्या. दारात गुढी उभी होती. पुतळा ओसरीवर उशीला टेकून बसली होती. आता तिला आडवं होऊन झोपता येत नव्हतं. दबोराबाई शेजारी टेकल्या आणि पाला तिच्या हातावर ठेवला. पुतळानं एक पान तोंडात टाकलं, कडू म्हणून तोंड वाकडं केलं, गिळलं.

"खरवडलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"हिरवं हाय?"

या बाईशी एकदा खोटं बोलून झालं होतं. दबोराबाईंनी मान हलवली. "नाही गं."

पुतळानं दबोराच्या हातावर हात ठेवला आणि आत सुनेला हाक मारली, "तेजे, दबोराचं ताट माझ्याशेजारी मांड. आज ती जेवूनच जाईल."

फाट्याकडून मोटरीचा आवाज येत होता. बापूचं पाणी चालूच होतं.